घराखालची वायर

प्रिय टेगन,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता कॅम्पच्या स्वैपाकीणबाईंकडून लिहून घेतलाय. आत मात्र मीच आहे. तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे, तुझ्या आईनं माझा आवाज ऐकल्याबरोबर फोन ठेवून दिला, आणि तुझ्या त्या नवऱ्याला, मिचेलला, फोन करायला माझी जीभ उचलत नाही. राहिलं पत्र. शाळेत माझे निबंध तूच लिहून द्यायचीस, त्यामुळे इथं काय चुकेल ते चुकेल, सुधारून वाच. औषधांच्या दुकानात समोर गिऱ्हाईक उभं असेल तर आत्ता नको वाचूस. पण आज वाच. तुम्ही आमचं घर घेताय, आणि त्या घराच्या खालच्या भागाबद्दल एक गोष्ट आहे, जी तुमची छोटी हेझल तिथं खेळायला लागायच्या आत तुला कळलीच पाहिजे. ती एका ओळीत मावते. तशी ओळ लिहूनही पाहिली. वाचल्यावर मलाच वाटलं, हा जळका माणूस आहे, दुसऱ्याचा संसार बघवत नाही म्हणून काहीतरी खुसपट काढतोय. तुलाही तेच वाटलं असतं. म्हणून आता सगळंच लिहितो, आणि जळतोय तेही लपवत नाही.

मी इथं पश्चिमेच्या वाळवंटात बोअरच्या गाडीवर आहे. जमिनीखाली लोखंड कुठं आहे ते बघायला भोकं पाडत हिंडायचं, हेच काम. मी पाइप चढवतो, पाइप उतरवतो, तांबडी धूळ खातो. बोवेनच्या आंब्याच्या बागा झाल्या, कोळंबीच्या बोटी झाल्या, कत्तलखाना झाला, आता हे. तू म्हणाली होतीस, ब्रॉडी, तुझी बॅग कधी रिकामी होत नाही, आणि अशा बॅगेशेजारी मला रोज झोपता येणार नाही. फार छान बोललीस. मी ते इथल्या पोरांना सांगतो, त्यांना वाटतं मीच कुठून तरी ऐकून आलोय. मिचेलची बॅग रिकामी असणारच, विमा विकणाऱ्याला जायचंय कुठं? असो. नाही बोलत. तो चांगला आहे असं सगळं मकाय गाव सांगतं, गाव म्हणत असेल तर असेल.

घर विकल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं. कुणाला, ते शेवटी सांगितलं, जसं डॉक्टर शेवटी सांगतात. म्हणाले, 'चांगल्या हातात चाललंय, तुझ्या टेगनच्या.' मी म्हटलं, माझ्या कुठल्या? ते म्हणाले, तेच ते. मग म्हणाले, ती आली तेव्हा घराखाली जाऊन कितीतरी वेळ नुसती उभी होती, तुझ्या आईची, लॉरेलची, फार माया होती म्हणाली, डोळे पुसले. मला तेव्हा तुझा राग आला, खरं सांगतो. माझ्याजवळ राहायचं नाही, पण माझ्या आईच्या घरात राहायचं. त्या खांबांवरच्या घराची ओढ तुला माझ्यापेक्षा जास्त होती हे मला आधीपासून माहीत होतं. तू मला भेटायला यायचीस आणि थेट घराखाली आईकडे जायचीस. मी वर वाट बघत बसायचो आणि खालून तुमच्या दोघींच्या हसण्याचा आवाज यायचा. काय हसायचात कुणास ठाऊक. माझ्यावरच हसत असाल.

आमचं सगळं जगणं त्या घराखालीच, खांबांमधल्या मोकळ्या जागेत होतं. वर फक्त झोपायला जायचं. खाली सिमेंटची फरशी, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, धुण्याचं मशीन, दगडी टाकी, बाबांची हत्यारं, आणि खांबाला टेकून तो पिवळा पडलेला जुना फ्रिज. वरच्या फ्रिजमध्ये दूध आणि भाजी, खालच्यात बिअर, गळाची आमिषं आणि नाताळाला कोळंबी. तुला आठवत असेल, पहिल्यांदा आईला मदत करायला म्हणून तू अनवाणीच खाली गेलीस, मशीनचं झाकण उघडलंस आणि ओरडून हात मागे घेतलास. आई हसली. म्हणाली, 'चिमटा काढला ना? नव्या माणसाला काढतंच ते.' दुसऱ्या दिवशी ती बाजारातून तुझ्यासाठी रबरी चपला घेऊन आली, निळ्या पट्ट्यांच्या, आणि जिन्याखाली आमच्या तिघांच्या चपलांच्या रांगेत ठेवल्या. कपडे धुवायला जायचं तर चपला घालून, हा आमच्या घरचा नियम होता, जसा दुसऱ्यांच्या घरी जेवणाआधी हात धुवायचा असतो. त्या चौथ्या जोडाकडे बघून मला वाटलं होतं, झालं, ही आता आमची झाली. माझ्या आईनं तुला सून म्हणून पत्करलं ते असं. आता ती गोष्ट उलटी दिसते. ज्या घरात मशीन माणसाला चावतं, त्या घरात मशीन दुरुस्त करायचं सोडून येईल त्याला चपला वाटत होतो आम्ही.

ते का चावायचं, ते सांगतो. हे तू अर्धं ऐकलेलं आहेस, पण हसत हसत ऐकलेलं आहेस. आम्ही ते घर घेतलं तेव्हा मी लहान होतो. जुनं घर, जुनी वायरिंग. तेव्हाही कायदा होताच, घर विकत घेतलं की ठरलेल्या मुदतीत सेफ्टी स्विच बसवायचा, करंट गळला की वीज आपोआप तोडणारा. बाबांनी लायसनवाला वायरमन बोलावून बसवला. कायदा सॉकेटच्या लाइनला स्विच मागत होता, दिव्यांच्या लाइनला नाही, तेव्हा त्यानं सॉकेटच्या लाइनला बसवला, बोर्डावरचं टेस्टचं बटण दाबून दाखवलं आणि गेला. त्याचं काम चोख होतं. मग पावसाळी दिवस आले, हवा ओली झाली, आणि स्विच सारखा पडायला लागला. बाबा शिव्या देत वर जायचे, चढवायचे, पुन्हा पडायचा. कारण तो खालचा फ्रिज होता, जुना, आतून कुठंतरी गळका. स्विच सांगत होता की इथं करंट गळतोय. त्याच कामासाठी त्याला बसवला होता. पण आपल्याकडे बिअरच्या फ्रिजविरुद्ध बोलणाऱ्याचं कोण ऐकतं?

त्या वर्षी नाताळाला बाबांनी साखर कारखान्यातली निम्मी माणसं जेवायला बोलावली होती. आदल्या दिवशी कोळंबी, हॅम, बिअर, सगळं खालच्या फ्रिजमध्ये भरलं आणि आम्ही मामाकडे गेलो. मागे स्विच पडला. परत येऊन दार उघडलं तर वासानं कुत्रंसुद्धा बाहेर गेलं. दुपारी पाहुणे आले ते गरम बिअर पिऊन आणि पावात सॉसेज खाऊन गेले. गळीत हंगामभर पोरं बाबांना विचारत होती, डेस, कोळंबी शिजवली होतीस की पुरली होतीस? बाबांना मस्करी करायला आवडते, करून घ्यायला नाही. मग नेव्ह आला. नेव्हला तू ओळखतेस, बाबांच्या पाळीतला फिटर, तोंडात सतत काडी, कारखान्यातले उसाचे चरक दुरुस्त करणारा. लायसन नाही, पण 'वायरीतलं कळतं' असं स्वतःच सांगायचा. त्यानं खालच्या सॉकेटची वायर स्विचमधून काढली आणि दिव्यांच्या जुन्या लाइनला जोडून दिली. त्या लाइनवर स्विचही नव्हता आणि जमिनीत जाणारी तिसरी वायरही नव्हती. मजुरी एक कार्टन बिअर, तीही दोघांनी तिथंच बसून संपवली. त्या दिवसापासून स्विच कधी पडला नाही. आणि त्या दिवसापासून मशीन चिमटे काढायला लागलं, कारण मशीन आणि फ्रिज एकाच सॉकेटवर, आणि फ्रिजमधून गळलेला करंट जमिनीत न जाता मशीनच्या पत्र्यात यायचा.

हे काही लपवलेलं नव्हतं, टेगन. उलट दर वेळी अंगणात मांस भाजायला माणसं जमली की बाबा ती गोष्ट सांगायचे. कोळंबीच्या वासापासून सुरू करायचे, वायरमनची नक्कल करायचे, आणि शेवटी नेव्हच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, आता सरकारचा बाप आला तरी डेसची बिअर गरम करू शकत नाही. सगळे हसायचे. तू हसलीस. मी हसलो. आईही हसायची, भांडी उचलता उचलता. गोष्ट इतकी चांगली सांगायचे की त्यात काय सांगतायत ते कुणाला ऐकूच आलं नाही.

आता आई गेली त्या दिवसाचं. तू प्रेताला आलीस, पण त्या सकाळचं मी तुला कधी सांगितलं नाही, कारण काय सांगायचं तेच मला कळलेलं नव्हतं. फेब्रुवारी होता, आपल्याकडचा ऐन पावसाळा, आठवडाभर पावसानं फरशी वाळलीच नव्हती. बाबांची पाळी संपून ते नुकतेच आले होते. आई त्यांचे कारखान्याचे कपडे घेऊन खाली गेली. तिच्या चपलेचा अंगठ्याकडचा पट्टा तुटला होता, तो मला जिन्यावर दिसला, म्हणजे ती अनवाणीच गेली. मग काहीतरी पडल्याचा आवाज आला. ओरडणं नाही, नुसता पडल्याचा आवाज. बाबा माझ्या आधी धावले. मी जिन्यावर पोचलो तेव्हा आई मशीनशेजारी पडलेली, एक हात अजून मशीनच्या कडेला. आणि बाबा तिच्याकडे गेले नाहीत. ते भिंतीकडे गेले. कोपऱ्यातला झाडू उचलला, त्याच्या लाकडी दांड्यानं सॉकेटमधला प्लग खालून वर ढकलून पाडला, झाडू टाकला, आणि मग तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. मला तेव्हा वाटलं, माणूस घाबरला की काय वाटेल ते करतो. बायको पडलीय आणि हा झाडू घेतोय. अँब्युलन्स आली. तिला कसल्या गोळ्या चालू होत्या ते त्यांनी विचारलं, रक्तदाबाच्या असं बाबांनी सांगितलं. हृदय बंद पडलं म्हणाले. हृदय बंद पडलं हे खरंच आहे. कशानं, ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतर तू माझ्याबरोबर जेमतेम वर्ष काढलंस. मी त्या घरात बसू शकत नव्हतो आणि का ते सांगू शकत नव्हतो. तू विचारायचीस आणि मी गाडीची चावी उचलायचो. तू सोडून गेलीस तेव्हा मी तुला फार वाईट बोललो, ते शब्द इथं परत लिहीत नाही, तुझ्या लक्षात असतील. माझ्याही आहेत. पण तुझं एक वाक्य मला अजून सलतं. तू म्हणालीस, आई सगळ्यांच्याच जातात, ब्रॉडी. खरंय. जातात.

बाबांनाही घरात राहवेना. ते सरीना गावी आत्याच्या अंगणात गाडीचं घर लावून राहायला गेले आणि आमचं घर भाड्यानं दिलं. भाड्याच्या घरालाही सेफ्टी स्विच लागतो, कायद्यानं. एजंटाचा माणूस आला, त्यानं बोर्डावरचं बटण दाबलं, वरची सगळी सॉकेटं मेली, त्यानं ठीक म्हणून खूण केली आणि गेला. खाली उतरून बघायचं त्याला कारण नव्हतं. त्याचंही काम चोख होतं. पहिली भाडेकरीण इस्पितळात आयाचं काम करायची, एकटी बाई, दोन शाळेतली पोरं. तिनं तक्रार केली की खाली मशीनला हात लावला की मुंग्या येतात. एजंट म्हणाला, बाई, घराला सेफ्टी स्विच आहे, तपासलाय. बाबा स्वतः जाऊन तिला भेटले. त्यांनी तिला चपला घालायला सांगितलं. हे मला त्यांनीच सांगितलं, आपण किती काळजीवाहू मालक आहोत अशा सुरात. त्या बाईनं घर सोडलं. तिला शहाणी म्हणायचं की नशीबवान, मला माहीत नाही.

मला कळलं ते इथं. इथं प्रत्येक वायरला रंगीत चिठ्ठी असते, कधी तपासली त्याची, आणि चिठ्ठी नसली तर वायर कापून टाकतात, मालक कोण ते बघत नाहीत. एकदा सकाळी ओल्या हातानं मी पाण्याच्या पंपाची वायर उचलली. मनगटात दणका बसला आणि त्याच क्षणी सगळा कॅम्प गप्प झाला. स्विच पडला होता. स्वैपाकीणबाई दारात येऊन म्हणाल्या, 'माझा भात राहिला, पण तू राहिलास.' कुणी शिव्या दिल्या नाहीत. मी हात झटकला आणि हसलो. नियमाप्रमाणे मला मग सुरक्षेच्या वर्गात बसवलं. एक माणूस चित्रं दाखवत होता. शॉक लागून चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, म्हणाला. आधी करंट तोडा. बटण हाताशी नसेल तर कोरड्या लाकडानं, झाडूच्या दांड्यानं, प्लग पाडा. चित्रात एक माणूस झाडू धरून उभा होता. शेजारचा पोरगा म्हणाला, बघ, ह्याची बायको आजारी आहे म्हणून झाडतोय. सगळे हसले. मी उठून बाहेर गेलो.

टेगन, ज्याला वाटतं बायकोचं हृदय बंद पडलंय तो बायकोकडे धावतो. झाडूकडे धावतो तो, ज्याला माहीत आहे.

मी बाबांना फोन केला. वर्ग संपायचीही वाट बघितली नाही. मी सरळ विचारलं, तुम्ही आधी झाडू का उचललात? ते म्हणाले, डॉक्टरांनी काय लिहिलंय ते तुला माहीत आहे. मी म्हटलं, डॉक्टरांनी झाडू बघितला नाही. तेव्हा ते चिडले. 'नेव्हला ह्यात ओढू नकोस. त्यानं मित्र म्हणून केलं. त्याला तुरुंगात टाकून ती उठून बसणार आहे का?' मी म्हटलं, निदान ती वायर तरी काढा. ते म्हणाले, वायर काढायला माणूस आणला की तो विचारणार ही कुणी जोडली. आणि मग थोड्या हळू आवाजात म्हणाले, 'मी रोज बघतो रे ते. तू एकदाच बघितलंस.' मला त्या वेळी त्यांची दया आली होती, हे तुला सांगून ठेवतो. ती फार दिवस टिकली नाही. खरं काय झालं ते मी शपथेवर सांगू शकत नाही. गोळ्या होत्या, वय होतं, हृदय आपलं आपणही बंद पडू शकतं. पण वायर आहे. तिच्यासाठी शपथ लागत नाही.

मग घर विकायला काढलं. विकणाऱ्याला कागदावर विचारतात, सेफ्टी स्विच आहे की नाही. नसेल तर घेणाऱ्याला मुदतीत बसवावा लागतो. बाबांनी 'आहे' असं लिहिलं. फोनवर मला म्हणाले, बघ, मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. आणि ते खरंच आहे, स्विच आहे, चालतो. म्हणून तुम्ही तो बसवणार नाही, आणि मिचेलला कागद नीट असला की शांत झोप लागते, तेव्हा तोही बघणार नाही. माझ्यावर विश्वास ठेव असं मी म्हणत नाही. तू ठेवूही नकोस, तो हक्क मी घालवला. तू फक्त एवढं कर. किल्ल्या मिळाल्या की एकटी जा. पायात जाड बूट घाल. वर बोर्डावर सेफ्टी स्विचचं टेस्टचं बटण दाब. घरातली सॉकेटं मेली पाहिजेत, मरतीलच. मग खाली जा आणि कशालाही हात न लावता नुसती उभी राहून ऐक. बाबा तो फ्रिज तुमच्यासाठी ठेवून जाणार आहेत, तुम्हा पोरांना उपयोगी पडेल म्हणून. तो बंद पडलेला असला, तर मी खोटारडा आहे, हे पत्र सगळ्या गावाला वाचून दाखव आणि हसा. माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही. पण तो घुमत असला, अगदी मधूनमधूनही, तर तिथून वर ये आणि लायसनवाला वायरमन बोलाव, आणि तो येईपर्यंत हेझलला त्या फरशीवर पाय ठेवू देऊ नकोस.

बाबांच्या एका फोनमुळे मी हे आज लिहायला बसलो. रविवारी आला. म्हणाले, मिचेल माप घ्यायला आला होता, घराखालची सावली त्याला फार आवडली, हेझलसाठी तिथं पाण्याचा प्लास्टिकचा हौद मांडणार आहे. पाणी फिरवायला पंप लागेल, पंपाला सॉकेट लागेल. नेव्ह तिथंच बसला होता. तो म्हणाला, वायरमनला कशाला पैसे घालता, फ्रिजच्या सॉकेटवरून मी लाइन ओढून देतो, एका कार्टनवर. मिचेल खूश झाला, दोघांनी हात मिळवले. बाबा हे सगळं हसत सांगत होते. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? म्हणाले, 'तो एवढा मनापासून करतोय, त्याला नाही कसं म्हणू?' तेव्हा म्हटलं, आता ते 'नाही' मीच म्हणतो. आपल्याकडे दारुडा चालतो, भांडखोर चालतो, बायको सोडलेला चालतो, मित्राची चहाडी करणारा चालत नाही. मी आज ती केली, बापाची आणि त्याच्या मित्राची, आणि खाली माझं नाव घालतोय. कुणी सांगितलं असं बाबांनी विचारलं तर सांग ब्रॉडीनं. ते मला पुन्हा फोन करणार नाहीत, ते मी धरून चाललोय. मिचेलला काय सांगायचं ते तू ठरव, पण नेव्ह हत्यारं घेऊन दारात आला तर त्याला तसाच परत पाठव. आधी ती वायर काढून टाक, टेगन. मग खुशाल हौद भर.

तुझाच म्हणायची सवय अजून सुटली नाही म्हणून,
तुझाच
ब्रॉडी